घरची डॉक्टरीण

"मॅडम, तुम्ही फक्त रेफरचं पत्र द्या. बाकीचं आम्ही बघतो."

फोनवर उझैर बोलत होता, दोह्याहून. त्याला खाटही दिसावी आणि डॉक्टरही, म्हणून त्याच्या बायकोने, इनशाने, फोन उंच धरला होता. डॉ. नेत्रा चोगलेचा एक हात त्याच्या वडिलांच्या, रफिकभाईंच्या, पाठीखाली होता आणि दुसऱ्या हाताने ती उशी सरकवत होती. उशी नीट बसली, रफिकभाईंचा श्वास जरा मोकळा झाला, तेव्हा ती फोनकडे वळली. पत्र द्यायला काहीच अडचण नाही, पण ते घेऊन कुठे जायचं आणि कशासाठी, हे आधी बोलायला हवं, असं तिने सांगितलं.

उझैरचं म्हणणं सरळ होतं. नवी मुंबईत मोठं हॉस्पिटल आहे, त्याच्या कंपनीतल्या एकाचे वडील तिथून चालत घरी आले, आयसीयू आहे, सगळे स्पेशालिस्ट एकाच जागी मिळतात. अब्बांना गावात ठेवून काय होणार आहे? तुमच्याबद्दल मला आदर आहे, तो म्हणाला, तुम्ही आमच्या घरच्या डॉक्टर आहात, पण हे काही सर्दी-ताप नाही.

"नाही," नेत्रा म्हणाली. "सर्दी-ताप नाही."

तेवढ्यात रेंज गेली आणि उझैरचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानिशी फोनवर थिजून राहिला. इनशाने फोन हलवून पाहिला, मग पदराखाली धरून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

"काय म्हनतो?" रफिकभाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"तुम्हाला मुंबईकडे न्यायचं म्हणतोय."

"हां," ते म्हणाले.

रफिकभाईंची आणि तिची ओळख वीस-बावीस वर्षांची. ते कुवेतच्या बंदरात क्रेन चालवायचे आणि रजेवर गावी आले की त्यांची पाठ धरलेली असायची. पहिल्यांदा दवाखान्यात आले ते शर्टाची बाही वर करूनच बसले. सुई मारा, म्हणाले. नेत्राने पाठ तपासली, गोळ्या दिल्या, दोन-तीन व्यायाम स्वतः करून दाखवले आणि सुईची गरज नाही म्हणून सांगितलं. ते नाराज झाले. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना त्यांनी ऐकू जाईल असं सांगितलं की ही बाय शिकली बरीच, पन सुई मारायला न्हाय शिकली. तरी पुढच्या रजेत ते पुन्हा तिच्याकडेच आले. नोकरी संपवून कायमचे परतल्यावर तर घरातलं प्रत्येक दुखणं तिच्याकडेच यायला लागलं. बायकोची, झुबेदाभाभींची, शुगर, इनशाचं बाळंतपण, नातवाचा दमा. येताना कधी सुपारी घेऊन यायचे, कधी कागदात बांधलेली सुकट.

दिवेआगरच्या अलीकडच्या त्या गावात नेत्राचा दवाखाना एसटी थांब्याला लागून होता. वादळात त्याचे पत्रे उडाले तेव्हा ती काही आठवडे शाळेच्या पडवीत बसून पेशंट बघत होती. बाहेरच्या पाटीवर तिच्या नावाखाली एम.बी.बी.एस. आणि त्यापुढे डी.एन.बी. असं लिहिलेलं होतं. ही दुसरी पदवी म्हणजे काय, हे सुरुवातीला लोक विचारायचे. एमबीबीएसनंतर तीन वर्षं मुंबईच्या एका इस्पितळात राहून तिने फॅमिली मेडिसिनचंच शिक्षण घेतलं होतं. असाही एक विषय असतो आणि तो शिकावा लागतो, हे सांगितलं की लोक मान डोलवायचे आणि मग विचारायचे, म्हणजे तुम्हाला एमडी नाही मिळालं का? काही वर्षांनी तिने सांगणं सोडून दिलं. दवाखान्यात केर काढण्यापासून नंबर लावण्यापर्यंत सगळं बघणारी मनुबाई मात्र अजून कुणी विचारलंच तर ठसक्यात सांगायची की बाईंनी घरच्या डॉक्टरकीचा मोठा कोर्स केला हाय. ऐकणाऱ्याला ते आणखीच कमी वाटायचं.

उझैरचा फोन आला त्या दिवशी सकाळचंच. सुट्टीला आलेलं पुण्याचं एक जोडपं तापलेल्या मुलाला घेऊन आलं. बाईने नेत्राला दारातच विचारलं की इथे कुणी चांगला डॉक्टर आहे का, म्हणजे मुलांचा. नेत्राने मुलाला तपासलं. घसा लाल होता, बाकी सगळं ठीक होतं. पाणी पाजत राहा, ताप आला तर हे औषध, असं सांगून तिने त्यांना पाठवलं. बाहेर पडताना नवरा बायकोला म्हणत होता की अँटिबायोटिकसुद्धा दिलं नाही, बहुतेक नर्सच असेल. मग कोळीवाड्यातला एक जण आला, त्याला अशक्तपणा होता आणि सलाइन हवं होतं. नेत्राने त्याचं रक्त तपासून घ्यायला सांगितलं तेव्हा तो हसून उठला. नाक्यावरच्या नव्या दवाखान्यात गेल्याबरोबर आडवं करतात आणि बाटली लावतात, तो म्हणाला, तुमच्याकडं नुसतं बोलणं. त्याच्यानंतर आलेल्या माणसाने आपल्या भावाला मुंबईला पाठवायचं का म्हणून विचारलं, आणि पाठवलं तर तुमचं तिकडे काही ठरलेलं असतं का, तेही विचारलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. जसं असतं तसं त्याने विचारलं होतं. नेत्राने नाही म्हणून सांगितलं, आणि त्याचा विश्वास बसला नाही हेही तिला दिसलं.

पंचावन्न वर्षांची झाली होती ती. अलीकडे दुपार झाली की गुडघे जड व्हायचे आणि बोलायचा कंटाळा यायचा. पण दुपारचीच वेळ रफिकभाईंची होती. दवाखाना बंद करून ती स्कूटरवर खाडीचा पूल ओलांडायची आणि मोहल्ल्यात जायची.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस रफिकभाई अंगाला खाज सुटते म्हणून दवाखान्यात आले होते. नेत्राने त्यांना दारात उजेडात उभं करून डोळे पाहिले, पोट चाचपलं आणि दुसऱ्या दिवशीच मुंबईला पाठवलं, तिकडच्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलून. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि तो यकृतात पसरलेला होता. तिकडे त्यांच्यासाठी करण्यासारखं होतं तेवढं सगळं झालं. शेवटी तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता यांना घरी न्या, दुखू देऊ नका. झुबेदाभाभींनी हे ऐकलं, पण उझैरला फोनवर त्या सांगायच्या की बरं वाटतंय, आज थोडी पेज खाल्ली. मुलगा परक्या देशात एकटा, त्याच्या जिवाला कशाला घोर, असं त्यांचं म्हणणं.

घरी आणल्यावर नेत्रा रोज जायला लागली. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या लागत होत्या. त्या मुंबईच्या इस्पितळातून मिळवायला तिला बरीच खटपट करावी लागली. गोळ्या आल्या तेव्हा मोहल्ल्यात कुजबुज झाली की नशेच्या गोळ्या देतात. पहिल्या दिवशी रफिकभाई न कण्हता गाढ झोपले तर झुबेदाभाभी घाबरून त्यांच्या नाकाशी बोट धरून बसल्या. नेत्राने त्यांना समजावलं. मग एकेक करून इतर गोष्टी शिकवल्या. कुशीवर कसं वळवायचं, टाचांखाली काय ठेवायचं, तोंड कोरडं पडलं की कापसाचा बोळा कसा फिरवायचा. पोटात पाणी साठून श्वास लागायला लागला तेव्हा तिने ते घरीच सुईने काढलं. त्यांचं पोट साफ होतंय की नाही, झोपेत दचकतात का, कुणाचं नाव घेतात का, हे सगळं ती विचारायची. बाहेर ओटीवर बसलेल्यांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना दिसायचं ते एवढंच की डॉक्टरीण येते, बसते, चहा पिते आणि सलाइन न लावता जाते.

उझैरचा फोन आला त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. झुबेदाभाभी चहा ठेवायला उठल्या तेव्हा रफिकभाईंनी नेत्राला जवळ बोलावलं.

"बाय, आता मना हलवू नका," ते म्हणाले.

"कोण हलवतंय?"

"पोरगा येल. त्याला न्यायचं हाय. मी बगलाय तिकडं. काचंच्या आत ठेवतात. मानूस भायर, मी आत. तोंडात पानी कोन घालील?"

हे तुम्हीच उझैरला सांगा, नेत्रा म्हणाली. त्याला आपल्याच्याने सांगवत नाही, ते म्हणाले. तीस वर्षं आपण कुवेतला होतो, आपला बाप गेला तेव्हा पोचलो नाही. आता तो तिकडे आहे. त्याला काहीतरी करायचं आहे, त्याला नको कसं म्हणणार.

"तू सांग," ते म्हणाले. "तुजं आयकंल."

नेत्राला हसू आलं. आपलं कोण ऐकतं, असं तिच्या तोंडावर आलं होतं, पण ती हो म्हणाली. झुबेदाभाभी चहा घेऊन आल्या तेव्हा दोघंही गप्प होती.

फोन तुटला त्यानंतर उझैर पुन्हा बोलला नाही, सरळ निघाला. दोन दिवसांनी सकाळीच इनशाचा नेत्राला फोन आला की ते आलेत आणि माणगावहून अँब्युलन्स मागवली आहे. दवाखान्यात माणसं बसली होती. मनुबाईला त्यांना थांबवायला सांगून नेत्रा निघाली. बाकावरच्या एकाने तिच्या मागून, हिचा काय भरवसा नाही, असं म्हटलेलं तिला ऐकू आलं.

अँब्युलन्स अंगणात उभी होती आणि ड्रायव्हर चाकाशी बसून बिडी ओढत होता. उझैर ओटीवर उभा होता. प्रवासातलेच कपडे अंगावर होते. चाळिशीचा, पोट थोडं सुटलेला, डोळे जागून लाल झालेला माणूस. फोनवर होता त्यापेक्षा तो लहान दिसत होता. त्याने नेत्राला सलाम केला आणि लगेच म्हणाला की सगळी तयारी झाली आहे, हॉस्पिटलमध्ये बेड मिळाला आहे, तुम्ही फक्त कागद द्या.

नेत्राने त्याला रफिकभाईंचं म्हणणं सांगितलं. त्यांच्याच शब्दांत, काच, पाणी, सगळं.

उझैरचा चेहरा आखडला. "अब्बांनी हे तुम्हाला सांगितलं? मला नाही, अम्मीला नाही?"

"हो."

"मॅडम, राग मानू नका. तुमच्याकडे मशीन नाही, आयसीयू नाही. तुमच्या हातात जे नाही, त्याची गरजच नाही असं तुम्ही म्हणताय. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं."

ओटीवर शेजारपाजारची माणसं होती. शेजारच्या घरातली हलिमा दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. सगळे नेत्राकडे बघत होते. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. एवढंच वाटलं की हे वाक्य या माणसाने विमानात बसून जुळवलं असणार, आणि दोन दिवसांत त्याने काही खाल्लेलं नसणार.

तिने त्याला बाजूला घेऊन, हळू आवाजात काय होईल ते सांगितलं. रस्ता पाच-सहा तासांचा आहे, त्यातच ते जातील अशी शक्यता आहे. पोचलेच तर नळी घालतील, मग बोलता येणार नाही. आजार आहे तिथेच राहील. "तरी तुम्ही मुलगा आहात," ती म्हणाली. "न्यायचं ठरवलंत तर मी अडवणार नाही. वाटेत दुखू नये म्हणून औषध बरोबर घेते आणि गाडीत मीही येते. पण उचलायच्या आधी थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा. एकटे."

ती आत गेली आणि वाटीत पाणी आणि कापसाचा बोळा घेऊन आली. बोळा कसा पिळायचा, ओठांच्या आतून कसा फिरवायचा, हे तिने उझैरला दाखवलं. बापाच्या तोंडाला त्याने कधी हात लावला नसावा. पहिल्यांदा पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. नेत्राने ते पुसलं, बोळा पुन्हा त्याच्या हातात दिला आणि ती बाहेर येऊन ओटीच्या पायरीवर बसली.

आतलं बोलणं दारातून ऐकू येत होतं. रफिकभाईंनी डोळे उघडले असावेत.

"आलास? जेवलास काय?"

"अब्बा, आपण मुंबईला जाऊ. गाडी आणलीय."

मग रफिकभाईंचा आवाज आला, अगदी हळू. "तू बस."

ड्रायव्हर दोनदा येऊन निघायचं का म्हणून विचारून गेला. झुबेदाभाभी नेत्राच्या शेजारी येऊन बसल्या. उन्हं अंगणात आली. कितीतरी वेळाने उझैर बाहेर आला, कुणाकडे न बघता ड्रायव्हरपाशी गेला आणि त्याला काहीतरी म्हणाला. अँब्युलन्स मागेपुढे करत वळली आणि निघून गेली.

दुपारी त्याने एकच गोष्ट मागितली. निदान सलाइन तरी लावा, म्हणाला, दोन दिवस पोटात काही नाही, उपाशी कसं ठेवायचं. नेत्राने त्याला खाली बसवून समजावलं की या अवस्थेत शरीर पाणी मागत नाही. बाटलीतून घातलेलं पाणी छातीत साठेल आणि त्यांना बुडाल्यासारखं होईल. भूक त्यांना नाही, ती आपल्याला लागते त्यांच्या वतीने. उझैरने मान हलवली, पण त्याला पटलं नव्हतं. ओटीवरच्या कुणालाच पटलं नाही. हलिमा बोलली तेव्हा तिने आवाज खाली ठेवला नाही. पानी पन देत न्हाय, ती म्हणाली, कसली डॉक्टरीन.

रफिकभाई दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, असरच्या अजाननंतर गेले. झुबेदाभाभी कुराणातली यासीन म्हणत होत्या आणि उझैर बापाच्या ओठांना मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी लावत होता. आता त्याच्या हातातून एक थेंबही बाहेर सांडत नव्हता. नेत्रा पायथ्याशी उभी होती. शेवटचे श्वास लांब लांब झाले आणि थांबले तेव्हा तिने मान हलवून सांगितलं, आणि बायकांचा आवाज उठायच्या आत ती बाजूला झाली. दाखला लिहून दिला. जनाजा निघाला तेव्हा ती पुलापलीकडे स्कूटर थांबवून उभी राहिली. माणसं पांढऱ्या टोप्यांत कबरस्तानाकडे वळेपर्यंत थांबली आणि मग दवाखान्यात आली. संध्याकाळचे पेशंट बसले होते. पहिल्या बाईने उशीर झाल्याबद्दल तक्रार केली.

परत जायच्या आदल्या दिवशी उझैर दवाखान्यात आला. दुपार होती आणि सगळे गेले होते. मनुबाई लादी पुसत होती. तो पेशंटच्या खुर्चीत बसला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. नेलं असतं तर वाचले असते?"

"नाही."

"थोडे दिवस?"

"थोडे दिवस, कदाचित. पण ते त्यांचे नसते."

त्याने मान हलवली. मग सांगायला लागला. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण तेच विचारत होता. मामू, चाचा, दोह्याहून फोन करणारे गाववाले. एवढा कमावता मुलगा, आणि बापाला साध्या डॉक्टरच्या भरवशावर घरात मरू दिलं. अँब्युलन्स दारातून परत पाठवली. अब्बांनीच सांगितलं होतं असं तो एकदा म्हणाला, तर चाचा म्हणाले की आजारी माणूस काहीही बोलतो, अक्कल आपण वापरायची. आणि हे नवऱ्याने डॉक्टरला सांगितलं, आपल्याला नाही, हे ऐकून अम्मी दिवसभर बोलली नाही.

"मी काय सांगू लोकांना?" त्याने विचारलं.

नेत्राने चष्मा काढून पदराने पुसला. तिला खूप थकल्यासारखं वाटत होतं. आजार काय होता, तो कुठवर गेला होता, मुंबईचे डॉक्टर काय म्हणाले होते, हे सगळं चाचांना, मामूंना, दोह्यातल्या माणसांना पुन्हा पहिल्यापासून समजावता येईल, असं तिला क्षणभर वाटलं. मग समोरच्या माणसाकडे बघितल्यावर ते वाटेनासं झालं.

"सांगा, डॉक्टरीण म्हणाली नेऊ नका," ती म्हणाली. "तिने अडवलं."

"पण तुम्ही तर न्यायचं तर न्या म्हणाला होतात. गाडीतसुद्धा बसणार होतात."

"ते तुम्हाला म्हटलं होतं. लोकांना हे सांगा. अम्मीलाही सांगा, अब्बा तसं काही म्हणाले नव्हते, डॉक्टरीणच म्हणाली."

"तुमच्या दवाखान्यावर परिणाम होईल."

"मी इथेच आहे. माझं मी बघेन. तुम्हाला तिकडे एकट्याने राहायचंय."

उझैर उठला. आभार वगैरे काही म्हणाला नाही. दारापाशी गेल्यावर त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तसाच काही वेळ पाठमोरा उभा राहिला. मनुबाईने बादली उचलली आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली.

त्याने सांगितलं असावं, कारण पुढच्या महिन्यात मोहल्ल्यातली माणसं यायची जवळजवळ बंद झाली. शुक्रवारी नमाजनंतर दवाखान्यात गर्दी व्हायची, तो बाक आता रिकामा राहायला लागला. नाक्यावरच्या दवाखान्याबाहेर चपलांचा ढीग दिसायचा. मनुबाई फणकारायची. नेत्राचा नवरा सुजित वादळाने झोपवलेल्या वाडीत सुपारीची नवी रोपं लावत होता. एकदा रोपांना पाणी घालता घालता तो म्हणाला की तू खरं काय झालं ते का सांगत नाहीस, झुबेदाभाभींना तरी.

"भाभींना आता एवढंच कळलेलं बरं, की त्यांचा नवरा त्यांच्यापासून काही लपवत नव्हता," नेत्रा म्हणाली.

झुबेदाभाभी नवरा गेल्यानंतरच्या इद्दतमध्ये होत्या, घराबाहेर पडत नव्हत्या. त्यांची शुगर बघायला नेत्राच जायची. त्या हात पुढे करायच्या, नीट बोलायच्या, पण पूर्वीसारखा चहा घेण्याचा आग्रह करत नव्हत्या. दोघींमध्ये काहीतरी बंद झालं होतं, आणि ते कुणी बंद केलं हे फक्त नेत्राला माहीत होतं. बाहेर पडली की स्कूटर चालू करायच्या आधी ती थोडा वेळ नुसतीच बसून राहायची.

पावसाळा येऊन गेला. एके दिवशी दुपारी ती दवाखाना बंद करून डबा उघडणार, एवढ्यात दारात हलिमा येऊन उभी राहिली. आत आली नाही. सासूचं सांगायचं होतं, म्हणाली. सासू ऐंशीच्या पुढची, खाणंपिणं सुटलं होतं. नाक्यावर नेऊन बाटल्या लावून झाल्या होत्या, हात सुजले होते. मुंबईच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं. हलिमा हे सगळं उंबऱ्याकडे बघत बोलत होती.

"तिला कुटं न्यायची न्हाय," ती शेवटी म्हणाली. "घरीच ठेवायची. तुमी येशाल काय?"

नेत्राला भूक लागली होती. सकाळपासून ती उभी होती आणि संध्याकाळच्या आधी तासभर आडवं व्हावं असं तिच्या मनात होतं. तिने डब्याचं झाकण लावलं, साबणाने हात धुतले आणि मनुबाईला किल्ली दिली. हलिमा स्कूटरवर मागे बसली.

ओटीवर माणसं होती, तीच. एकाने पाय आखडून घेऊन तिला आत जायला वाट करून दिली. तिने चपला काढल्या आणि ती आत गेली.

खोली थंड आणि अर्धवट अंधारी होती. म्हातारी कुशीवर निजली होती. कुणीतरी आल्याचं जाणवून तिने डोळे उघडले, नेत्राला ओळखलं की नाही कोण जाणे, पण डॉक्टर म्हणून आलेल्या माणसापुढे करायचा तसा तिने आपला सुजलेला हात चादरीखालून काढून पुढे केला. नेत्रा खाटेच्या कडेवर टेकली. तिने ते मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे न बघता धरून ठेवलं.